युरोप टूर काढणाऱ्या मराठी टूर कंपन्यांना खुलं पत्र: हार्लेमचं घर 'बाहेरून' दाखवू नका

युरोप टूर काढणाऱ्या सगळ्या लहानमोठ्या कंपन्यांचे मालक, मॅनेजर आणि बसमध्ये माइक हातात असलेले टूर लीडर,

नमस्कार.

नाव कुणाचंच घेत नाहीये. ज्यांच्या बसमध्ये हे झालं त्यांना पहिल्या चार ओळीतच कळेल, आणि बाकीच्यांनी "आपण नाही बुवा त्यातले" म्हणायची घाई करू नका, कारण मी नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमजवळच्या हार्लेमच्या शेजारच्या गावात राहते आणि एप्रिल-मे आला की तुमच्या बसेस, तुमच्या त्या एकसारख्या टोप्या आणि काठीला लावलेले झेंडे रोज बघते. थोड्याफार फरकाने सगळ्यांचं सारखंच चाललंय.

यंदा माझे आईबाबा तुमच्यातल्याच एकाबरोबर आले होते. मी इथे असूनही ग्रुप टूरनेच आले कारण आईला पॅरिस, स्वित्झर्लंड सगळं एकदाच बघायचं होतं आणि बरोबर मराठी माणसं, रात्री वरणभात असेल तरच तिला परदेश परवडतो. बाबांचं मात्र एकच म्हणणं होतं. ते घड्याळजी. सांगलीत एका जिन्याखालच्या टपरीत उभी हयात डोळ्याला भिंग लावून बसले, एचएमटी दुरुस्त केली, लग्नातली घड्याळं दुरुस्त केली, आता हात थरथरतो म्हणून बंद केलंय. तुमच्या प्रोग्रॅमच्या कागदावर ॲमस्टरडॅमच्या दिवसात एक ओळ होती, "हार्लेम: महायुद्धात ज्यूंना लपवणाऱ्या घड्याळजींचं घर (म्युझियम)". म्हणजे टेन बूम कुटुंबाचं घर. त्या ओळीखाली बाबांनी पेनाने रेघ मारली होती. हीच टूर घ्यायची हे त्या ओळीमुळे ठरलं, दुसरी कंपनी स्वस्त होती.

झालं काय, तर सकाळी क्युकेनहॉफ, म्हणजे ट्यूलिपच्या बागा, ते छानच. मग ॲमस्टरडॅममध्ये हिऱ्यांच्या कारखान्यात 'डेमो'. पैलू पाडणं दाखवलं पाच-दहा मिनिटं आणि मग सगळ्यांना खोलीत बसवून ट्रे फिरवले, ते संपेचना. कुणीतरी कानातले घेत होतं, त्यांचं कार्ड चालेना, सगळी बस थांबली. हार्लेमला पोचेपर्यंत दुपार कलली. ग्रोटे मार्क्टवर, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चसमोरच्या चौकात, सगळ्यांना उतरवलं आणि सांगितलं, "वीस मिनिटं फ्री टाइम, ते घर त्या गल्लीत आहे, छोटंसंच आहे, बाहेरून बघून घ्या, फोटो काढा." मी तिथेच उभी होते त्यांना भेटायला. लीडरना विचारलं की बुकिंग कुठल्या वेळेचं आहे, तर ते म्हणाले बुकिंग कशाला लागतं. बाबा बाजूच्या बोळात गेले, दरवाज्यावरच्या पाटीवर टूरच्या वेळा होत्या, शेवटची टूर फुल होती. मग ते पुढे येऊन खालच्या दुकानाच्या काचेतली घड्याळं बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बस ब्रसेल्सला गेली.

मला लगेच दोन-तीन जण म्हणाले, अगं तू तिथेच राहतेस, पुढच्या वेळी तूच ने की. नेईन. पण त्या बसमध्ये चाळीसेक लोक होते, त्यांच्यापैकी कितीजणांची मुलगी हार्लेमशेजारी राहते? त्यांनी पण त्याच कागदाचे पैसे भरले होते. म्हणून हे पत्र घरातल्या भांडणासारखं फोनवर न मिटवता सगळ्यांसमोर लिहितेय.

माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तर सरळ व्यवहाराची आहे. कागदावर 'म्युझियम' लिहायचं आणि प्रत्यक्षात रस्त्यावरून भिंत दाखवायची. हे म्युझियम असं आहे की आत फक्त गाइडबरोबरच सोडतात, एका वेळी साधारण वीसेक माणसं, आधी ऑनलाइन जागा धरावी लागते, आणि रविवार-सोमवार बंद. यातलं काहीही गुपित नाही. तुमच्या ऑफिसात बसून दहा मिनिटांत कळेल. तरीही मी रविवारी हार्लेम 'दाखवणाऱ्या' बसेस बघितल्यात. ॲन फ्रँकच्या घराचं तेच, तिथली तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात आणि काही आठवडे आधी सुटतात, तुमची टूर सहा महिने आधी ठरलेली असते, म्हणजे एक माणूस त्या दिवशी कॉम्प्युटरसमोर बसवला तरी काहीजणांची तरी सोय होईल. पण नाही, बोटीतून जाताना "लेफ्टला बघा, ॲन फ्रँक हाउस" आणि बोट पुढे.

दुसरी, शॉपिंगची. हिरे, चीज, लाकडी बूट, यांना वेळ कधी कमी पडत नाही. का ते तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. कमिशन घेऊ नका असं मी म्हणत नाही, तुमचाही धंदा आहे. पण या घराला तिकीटच नाहीये, फुकट आहे, पेटीत ऐच्छिक देणगी टाकायची. फुकट म्हणजे कमिशन शून्य. म्हणून ज्या दिवशी उशीर होतो त्या दिवशी कायम हेच उडतं, चीजचं दुकान उडाल्याचं मी अजून ऐकलं नाही.

तिसरी तक्रार माइकवर जे बोललं जातं त्याची, आणि ही मला सगळ्यात जास्त लागली. आईने सांगितलं म्हणून कळलं. हार्लेमच्या वाटेवर लीडर म्हणाले की "काही म्हणा, हिटलरला मानलं पाहिजे, शिस्त म्हणजे शिस्त, आपल्याकडे एक पाहिजे होता." बस हसली. आईही हसली असेल, ती कशाला खोटं बोलेल, आपल्याकडे फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं त्याला कोण काय म्हणतं. पण ज्या घराकडे तुम्ही बस घेऊन चालला होतात त्या घरातला ८४ वर्षांचा म्हातारा त्या 'शिस्ती'त अटकेनंतर दहा दिवसांत मेला. हे माहीत असून बोललात की माहीत नसताना? मला तर दुसरंच वाटतं, आणि ते जास्त वाईट, कारण लोक तुमच्या तोंडून ऐकलेलं खरं धरतात. घरी जाऊन नातवाला तेच सांगतात.

आणि पुढे म्हणे "ज्यू लोक म्हणजे सगळे पैसेवाले, म्हणून राग." अहो, अलिबाग, पेण, रोह्याकडचे बेने इस्रायली शेकडो वर्षं कोकणात तेलाचे घाणे चालवत होते, शनिवारी घाणा बंद म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे, आडनावं पेणकर, किहीमकर, नवगावकर, घरात मराठी. आजही इस्रायलमध्ये मराठी बोलणारी म्हातारी माणसं भेटतात. मराठी टूर लीडरला तरी 'ज्यू' म्हटल्यावर ही माणसं आठवायला हवीत.

चौथी. ही आधीच्या एका वर्षातली, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली. ४ मे ला नेदरलँड्समध्ये युद्धात गेलेल्यांचा स्मृतिदिन असतो, रात्री ८ वाजता दोन मिनिटं अख्खा देश थांबतो. ट्रॅम उभी राहते, सायकलवाले उतरून उभे राहतात, दुकानातला माणूस हातातलं ठेवून देतो. ॲमस्टरडॅम स्टेशनसमोरच्या रस्त्यावर सगळे जिथल्या तिथे उभे आणि मधूनच एक झेंडा पुढे, "चला चला, जेवण थंड होतंय, मागचे लवकर या, बत्तीस, तेहतीस..." असं मोठ्याने मोजणं चालू. ग्रुपमधल्या माणसांचा काय दोष, त्यांना वाटलं ट्रॅम बंद पडली असेल. माझ्या शेजारची एक डच बाई मान खाली घालून होती तिने फक्त एकदा वर बघितलं. मे महिना तुमचा भर सीझन, दरवर्षी ही तारीख येते, दुसऱ्या दिवशी ५ मे ला मुक्तिदिन असतो. हे टूर लीडरच्या कागदावर एका ओळीत मावतं.

आता शेवटची तक्रार, मला फोनवर जे उत्तर ऐकवण्यात आलं त्याची. "मॅडम, आपल्या लोकांना यात इंटरेस्ट नसतो."

यावर जरा सविस्तर बोलायचंय कारण मला हे साफ चुकीचं वाटतं.

ते घर मी आतून बघितलंय. बार्टेल्योरिसस्ट्राट १९, घरचे लोक त्याला लाडाने 'बेये' म्हणायचे. १८३७ मध्ये विलेम टेन बूमने तिथे घड्याळांचं दुकान काढलं, खाली दुकान, वर घर, आपल्याकडे गणपती पेठेत असायचं अगदी तसं. मग मुलगा कास्पर, मग त्याच्या मुली बेट्सी आणि कॉरी, दोघी बिनलग्नाच्या, बेट्सी तब्येतीने नाजूक म्हणून घर बघायची आणि कॉरी वडिलांशेजारी बाकावर बसून घड्याळं दुरुस्त करायची. नेदरलँड्समध्ये घड्याळजीचं लायसन मिळालेली ती पहिली बाई, १९२० च्या दशकातली गोष्ट. कास्परचा एक नेम होता, दर आठवड्याला गाडीने ॲमस्टरडॅमला जायचं, नौदलाच्या वेधशाळेतून बरोब्बर वेळ खिशातल्या घड्याळात लावून घ्यायची आणि परत येऊन दुकानातली घड्याळं त्यावर जुळवायची. बाबांना मी हे फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, आम्ही साडेसातच्या बातम्यांवर लावायचो. मराठी म्हाताऱ्या माणसाला इंटरेस्ट नाही म्हणता?

मे १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या, रॉटरडॅमवर बाँब पडले आणि पाच दिवसांत डच सैन्याने हत्यारं खाली ठेवली. नंतर सगळं कागदोपत्री झालं, हे लक्षात घ्या. ओळखपत्रावर J चा शिक्का, मे १९४२ पासून कपड्यावर पिवळा तारा, जुलै १९४२ पासून वेस्टरबोर्कच्या छावणीतून पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे गाड्या. डच लोकांची नोंदणी इतकी चोख की कुठल्या घरात कोण ज्यू हे शोधायला लागलंच नाही. गाड्या डच रेल्वेच्या, त्या रेल्वेने त्याचे पैसेही घेतले आणि २००५ मध्ये माफी मागितली, भरपाई द्यायला २०१९ उजाडलं. देशात साधारण १ लाख ४० हजार ज्यू होते, त्यातले १ लाख २ हजारांच्या आसपास मारले गेले. पश्चिम युरोपात एवढं प्रमाण दुसरीकडे कुठेच नाही. म्हणजे "डच लोक फार शूर, सगळ्यांनी ज्यूंना लपवलं" असंही माइकवरून सांगू नका, तेही ऐकलंय मी. बहुतेकांनी मान खाली घालून आपलं आपलं बघितलं, काहींनी माणसामागे बक्षीस घेऊन पकडून दिलं, आणि थोड्यांनी दार उघडलं.

या घड्याळजींनी उघडलं. एक ज्यू बाई आली, मग दुसरे आले, मग कळलं की नुसतं ठेवून चालत नाही, खायला घालायला रेशन कार्डं लागतात. कॉरी ओळखीच्या रेशन ऑफिसातल्या माणसाकडे पाच मागायला गेली आणि तोंडातून शंभर निघालं, तिनेच पुढे लिहून ठेवलंय. त्याने ऑफिसवर दरोडा पडल्याचं नाटक करून दिली. फोनवर उघड बोलता येत नव्हतं, मग दुकानाचीच भाषा वापरायची. बायकांचं एक घड्याळ आलंय, स्प्रिंग मिळत नाहीये, कुणाकडे मिळेल? म्हणजे एक ज्यू बाई आहे, तिला जागा हवी. जुन्या पद्धतीच्या डायलचं घड्याळ म्हणजे चेहऱ्यावरून ओळखू येणारा माणूस, त्याला ठेवून घ्यायला कुणी धजत नसे. दिवसभर घड्याळांच्या दुकानात कुणीही येतं जातं, कोण संशय घेणार.

मग वरच्या मजल्यावर कॉरीच्या खोलीत मागच्या बाजूला एक खोटी भिंत बांधली. विटांची, कारण लाकडाची असती तर ठोकल्यावर पोकळ आवाज आला असता. विटा ब्रीफकेसमधून आणि हत्यारं वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे म्हणजे गल्लीत कुणाला बांधकाम दिसायला नको. मग रंग असा दिला की भिंत शंभर वर्षांची जुनाट वाटावी. मागे जेमतेम अडीच फूट जागा. आत जायचं तर चादरी ठेवायच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीखालची सरकती फळी बाजूला करून रांगत. बेल वाजली की सगळ्यांनी आत, याची रंगीत तालीम व्हायची, घड्याळ लावून. ताटं उचलायची, जिन्यातला आवाज बंद, आणि गादी उलटी करायची, कारण हात लावल्यावर ती उबदार लागली तर कळेल की आत्ता कुणी झोपलं होतं. मी तिथे उभी असताना हे गादीचं ऐकलं आणि पुढची दहा मिनिटं गाइड काय म्हणाला ते डोक्यात गेलंच नाही. आता त्या भिंतीला एक भोक पाडून ठेवलंय, आत डोकावता येतं. मी शिरून बघितलं, माझ्यासारखी मध्यम उंचीची बाई आडवी राहू शकते, सहाजण कसे राहिले असतील तो हिशोब लागत नाही.

राहिले मात्र. २८ फेब्रुवारी १९४४ ला एक माणूस दुकानात आला, बायकोला पकडलंय, लाच द्यायला पैसे हवेत म्हणाला. तो खबऱ्या निघाला. धाड पडली. खिडकीत अल्पिना कंपनीची एक त्रिकोणी लाकडी पाटी ठेवलेली असायची, ती जागेवर असली तर यायला हरकत नाही अशी खूण. धाड पडल्यावर बेट्सीने ती खाली पाडली, पण पोलिसांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती परत लावली, म्हणून दिवसभर माणसं येत राहिली आणि पकडली गेली, तीसेक जण. सहाजण भिंतीमागे, चार ज्यू आणि दोन प्रतिकार चळवळीतले, जवळजवळ दोन दिवस, अन्न नाही, बाहेर पहारा. मग चळवळीत असलेल्या पोलिसांनीच त्यांना काढलं. कॉरी तेव्हा स्खेवेनिंगेनच्या तुरुंगात एकटीच्या कोठडीत होती, तिला बाहेर असलेल्या दुसऱ्या बहिणीचं पत्र आलं, पाकिटावरचं तिकीट सोलल्यावर खाली बारीक अक्षरात निरोप होता की कपाटातली सगळी घड्याळं सुरक्षित आहेत.

कास्परचं वय बघून अधिकारी म्हणाला होता, आजोबा, पुन्हा भानगडीत पडणार नाही म्हणा, घरी सोडतो. तो म्हणाला, आज सोडलंत तर उद्या जो कुणी दार वाजवेल त्याला घरात घेईन. ९ मार्चला कैदेतच वारला. बेट्सी आणि कॉरी आधी फुख्तच्या छावणीत, मग जर्मनीत रावेन्सब्र्यूकला, तिथे १६ डिसेंबर १९४४ ला बेट्सी गेली. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी कॉरीला सोडलं, कारकुनाच्या चुकीने म्हणतात. भाऊ विलेम युद्धानंतर लगेच तुरुंगातल्या क्षयाने गेला, त्याचा मुलगा किक परत आलाच नाही. कॉरी पुढे जगभर बोलत हिंडली, १९८३ मध्ये स्वतःच्या ९१ व्या वाढदिवशी गेली, आणि १९८८ पासून ते घर म्युझियम आहे. म्युझियम म्हणजे काचेच्या पेट्या वगैरे फारसं नाही. बैठकीची खोली, टेबल, खुर्च्या, स्वयंसेवक गाइड आणि दोन जुनी घरं जोडून केल्यामुळे कुठेही एका पातळीत नसलेला जिना.

एक खरं सांगते, तिथे देवाधर्माचं बोलणं बरंच होतं. ट्रस्ट ख्रिश्चन श्रद्धावंतांचा आहे आणि ते लपवत नाहीत, टेन बूम कुटुंबाने धर्मामुळेच हे केलं, १८४४ पासून त्या घरात ज्यूंसाठी प्रार्थना व्हायची, हे ते सांगणारच. मला मध्ये जरा प्रवचन झालं असं वाटलं. पण वारकऱ्यांच्या घरातली आपली माणसं, देवावर विश्वास असलेल्या म्हाताऱ्याने दार उघडलं ही गोष्ट त्यांना परकी वाटेल असं वाटतं का तुम्हाला? खरंतर आपल्याच लोकांना ती सगळ्यात लवकर कळेल.

तर इंटरेस्ट नसतो म्हणू नका. तुम्ही विचारलंच कधी?

आता मागण्या. यात क्रांतिकारक काहीही नाही.

१. हार्लेमचं घर कागदावर लिहायचं असेल तर बुकिंग करून लिहा. नाहीतर काढून टाका. 'बाहेरून' किंवा 'फोटो स्टॉप' असेल तर तेच शब्द त्याच अक्षरात छापा, खाली बारीक टाइपात नको.

२. ॲमस्टरडॅमचा दिवस रविवार-सोमवार येत असेल तर हे घर त्या टूरमध्ये ठेवूच नका.

३. बस मोठी असेल तर दोन गट करा. एक गट आत असताना दुसरा चौकात, चर्चमध्ये, जिथे कॉफी प्यायची तिथे. तासाभराने उलट. लिफ्ट नाही आणि जिना अवघड आहे हे बुकिंग घेतानाच सांगा, ज्यांचे गुडघे दुखतात ते आपणहून खाली थांबतील, पण ते त्यांनी ठरवू दे, तुम्ही सगळ्यांसाठी ठरवू नका.

४. उशीर झाला तर आधी दुकान उडवा.

५. टूर लीडरला निघायच्या आधी नेदरलँड्समधल्या जर्मन अमलाच्या त्या पाच वर्षांबद्दल दोन पानं तरी वाचायला द्या, आणि हिटलरवरचे विनोद बंद. प्लीज. जर्मनीत कुणी ऐकलं तर पंचाईत होईल म्हणून नाही, तुमच्या बसमध्ये बसलेली माणसं यापेक्षा चांगलं ऐकायला पैसे भरून आलेली असतात म्हणून.

६. ४ मे, रात्री ८. ग्रुप कुठेही असो, दोन मिनिटं थांबवा आणि का थांबलोय ते आधी मराठीत सांगा.

७. हार्लेम जमतच नसेल तर ॲमस्टरडॅममध्ये वेस्परस्ट्राटवर नावांचं स्मारक आहे, २०२१ मध्ये झालं, एकेका विटेवर एकेक नाव, नाव, जन्मतारीख आणि वय. तिकीट नाही, बुकिंग नाही, जिना नाही. हिऱ्यांच्या खोलीतला अर्धा तास तिकडे वळवा. २०२४ पासून जवळच राष्ट्रीय होलोकॉस्ट म्युझियमही उघडलंय, ज्यांना हवं ते जातील.

८. आणि ज्यांच्या कागदावर 'म्युझियम' लिहिलेलं होतं आणि ज्यांना भिंत दाखवली, त्या त्या बसमधल्या लोकांना एक साधं पत्र पाठवा की हे झालं नाही आणि का झालं नाही. पैसे परत मागत नाहीये कारण तिकीटच नव्हतं, तो तुमचा युक्तिवाद मला माहीत आहे.

पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग तुम्ही दिवाळीच्या सुमारास सुरू करता, म्हणजे ब्रोशर आत्ता कुठेतरी डिझायनरकडे असणार. त्यात बदल करायला वेळ आहे. बुकिंगच्या पानावर अडलात तर मला विचारा, ग्रुपचा फॉर्म भरून द्यायला मी तयार आहे, त्याचं कमिशन लावणार नाही. उत्तर मात्र फोनवर नको, इथे सगळ्यांसमोर द्या, कोणती कंपनी काय बदलणार ते लोकांना वाचू दे आणि मग कुणाबरोबर जायचं ते ठरवू दे.

आपली,
सांगलीच्या एका घड्याळजीची मुलगी, मुक्काम हार्लेमजवळ